गाडी तीच की दुसरी? जुनी पिकअप, घरची दुरुस्ती आणि चिकलठाणा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा आणि पिकअपच्या दुरुस्तीचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. तत्त्वज्ञानात एक फार जुना प्रश्न आहे. एखाद्या वस्तूचे भाग एकेक करून बदलत गेलो, तर ती वस्तू तीच राहते का? ग्रीक लेखक प्लूटार्कनं तो थिसियसच्या जहाजाबद्दल सांगितला. सतराव्या शतकात हॉब्जनं त्याला आणखी एक पीळ दिला : काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं जहाज कोणतं? वर्गात हा प्रश्न विचारला की मुलं जांभया देतात. पण चिकलठाण्यात एखाद्याच्या अंगणात वीस वर्षांची पिकअप घोड्यांवर चढवलेली असते, गिअर बॉक्स खाली पोत्यावर काढून ठेवलेला असतो आणि घरातली सगळी कर्ती माणसं भोवती उभी असतात. तिथं हाच प्रश्न रोकड्या व्यवहाराचा होतो. गाडी ठेवायची की मोडीत काढायची? किती पैसे घालायचे? आणि घातल्यावर जी उभी राहील, ती आपलीच गाडी ना?

या अंगणापर्यंत आपण कसे आलो, तिथून सुरुवात करू.

आपल्याकडे वाहनाची देखभाल हा मोटारीबरोबर आलेला प्रकार नाही. बैलगाडी होती तेव्हा देखभालीची एक पूर्ण व्यवस्था होती. सुतार चाकाचे आरे बदलायचा, लोहार लोखंडी धाव तापवून चाकावर चढवायचा. तापलेली धाव फुगते, चाकावर बसते, पाणी ओतलं की आवळते आणि लाकूड घट्ट धरून ठेवते. पदार्थविज्ञानाचा हा धडा लोहाराला कुणी फळ्यावर शिकवला नव्हता. कण्याला वंगण घालणं मात्र घरच्याच माणसाचं काम. म्हणजे दोन पातळ्या होत्या : रोजची निगा घरात, मोठी दुरुस्ती बलुतेदाराकडे. मोबदला सुगीच्या वेळी धान्यात. या व्यवस्थेचं गोडवं गायला मी आलेलो नाही. ज्याच्या हातात ते कसब होतं त्याला पंगतीत आणि गावात कुठली जागा होती, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्ञान एका बाजूला आणि हाताचं काम दुसऱ्या बाजूला, ही फाळणी आपल्या समाजानं फार निष्ठेनं सांभाळली. आजच्या विषयाचा एक धागा तिथून येतो, तो पुढे लागेल.

मराठवाड्यात मोटार आली ती निजामाच्या राजवटीत. 1932 मध्ये निजामाच्या स्टेट रेल्वेनं रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. सुरुवातीला 27 बस आणि 166 कर्मचारी. आकडा लहान आहे, पण त्यातली एक गोष्ट लक्षात घ्या. रेल्वेनं बस चालवल्या, म्हणजे रेल्वेची वर्कशॉपची शिस्तही बसमागे आली. गाडी बिघडल्यावर नव्हे, बिघडण्याआधी खोलायची, ही ती शिस्त. पुढे 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. इकडे पुणे-अहमदनगर मार्गावर 1 जून 1948 ला पहिली एसटी धावली होतीच.

खासगी वाहतुकीची गोष्ट वेगळी. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं काढून टाकलेले ट्रक आणि जीप बाजारात आल्या, त्याला लोक 'डिस्पोजलचा माल' म्हणत. 1945 मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनं स्वातंत्र्याच्या सुमारास जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. टेल्कोनं 1954 मध्ये डेमलर-बेंझशी करार करून ट्रक काढले. त्याच सुमाराला फोर्ड आणि जनरल मोटर्स इथलं जोडणीचं काम गुंडाळून निघून गेल्या, कारण सरकारचं धोरण स्पष्ट होतं : नुसती जोडणी चालणार नाही, इथं उत्पादन करा. 1958 मध्ये फिरोदियांच्या बजाज टेम्पोनं तीनचाकी काढली, आणि 'टेम्पो' हे हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसलं. 1969 मध्ये मॅटाडोर, 1986 मध्ये टाटा 407, 1988 मध्ये टाटामोबाइल पिकअप, 2000 नंतर बोलेरोची पिकअप, आणि 2005 मध्ये टाटा एस, जिला आपण सगळे 'छोटा हत्ती' म्हणतो.

ही यादी मी का वाचली? पहिली चाळीस-एक वर्षं गाडी मिळणंच कठीण होतं. परवाना, नंबर, प्रतीक्षा. नवी गाडी सहज मिळत नाही तेव्हा जुनी टिकवावीच लागते. आपली दुरुस्तीची संस्कृती काटकसरीच्या सद्गुणातून जन्मली असं भाषणात म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे ती टंचाईतून जन्मली, आणि सद्गुण मागाहून आला. पुष्कळसे सद्गुण असेच येतात.

आता चिकलठाण्याकडे येऊ. जालना रोडवरचं हे एक शेतकरी गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झालं, आणि पुढे इथं औद्योगिक वसाहत उभी राहिली. विमानतळही इथंच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. अशा कार्यशाळा राज्यात तीनच : दापोडी, हिंगणा आणि आपलं चिकलठाणा. कंपनीकडून नुसता सांगाडा येतो : चेसिस, इंजिन, चाकं. त्यावर बसचं शरीर इथं चढतं. आणि जुन्या बसचं जीर्ण झालेलं अ‍ॅल्युमिनियमचं शरीर उतरवून त्याच चेसिसवर नवं पोलादी शरीर बसवण्याचं कामही एसटीच्या कार्यशाळांनी केलं. 2020 मध्ये टाळेबंदीत प्रवासी थांबले, तेव्हा एसटीनं जुन्या बसची आसनं काढून त्यांचे मालवाहू ट्रक केले. थिसियसचं जहाज पाहायला ग्रीसला जायचं कारण नाही, जालना रोडला या.

अशा गावात एक गोष्ट आपोआप घडते. कुणाचा भाऊ कार्यशाळेत, कुणाचा मुलगा आयटीआय करून शिकाऊ उमेदवार, कुणी कारखान्यात फिटर. दिवसभर पाना धरलेला हात संध्याकाळी घरच्या गाडीलाही लागतो. शेतातला माल जाधववाडीच्या मार्केटला पहाटे पोचवणारी पिकअप रात्री अंगणात उभी असते. मिस्त्रीकडे दिली तर दिवस बुडतो, आणि दिवस बुडाला तर भाजी बुडते. म्हणून घरीच.

घरी काय करता येतं? बरंच. ऑइल आणि फिल्टर बदलणं. डिझेल फिल्टरमधलं साचलेलं पाणी काढणं. एअर फिल्टर झाडणं, आपल्या धुळीत तर वारंवार. ग्रीस गन घेऊन किंगपिन, शॅकल आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारणं. हे बैलगाडीच्या वंगणाचंच पुढचं रूप. ब्रेक शू पाहणं, टॅपेट जुळवणं, हिटर प्लग तपासणं. डिझेल पंप आणि नोझल मात्र घरी उघडायचं नाही, ते कॅलिब्रेशनच्या मशीनवरच. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. घोड्या लावायच्या, चाकाला दगड लावायचा. हे तत्त्वज्ञान नाही, पण याच्याशिवाय पुढचं तत्त्वज्ञान ऐकायला माणूस उरत नाही.

सुधारणांबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथं विचार लागतो. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, हेडलाइट. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, लांब बारीक वायरमधून जातो. वाटेत व्होल्टेज पडतं. तार तापून उजेड देणाऱ्या बल्बचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं, तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी पडतो. उपाय स्वस्त आहे : एक रिले, एक फ्यूज आणि बॅटरीपासून जाड वायर. तोच बल्ब उजळतो, स्विच जळायचा थांबतो. ही खरी सुधारणा. याउलट जुन्या रिफ्लेक्टरमध्ये डोळे दिपवणारा पांढरा एलईडी खुपसला, तर आपल्याला दिसतं आणि समोरचा आंधळा होतो. ती फक्त आपल्यापुरती सुधारणा.

दुसरं, थर्मोस्टॅट. मराठवाड्यातला उन्हाळा पाहून कित्येक जण तो काढूनच टाकतात. "इंजिन थंड राहतं," म्हणतात. राहतं, आणि तेच चुकतं. इंजिन ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास चालण्यासाठी बनवलेलं असतं. त्याहून थंड चाललं तर डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, ऑइल खराब होतं, रिंगा झिजतात. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करा, फॅनचा पट्टा पाहा, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट घाला. लक्षण दाबलं म्हणजे रोग बरा होत नाही.

तिसरं उदाहरण पाट्यांचं. माल जास्त भरायचा म्हणून मागच्या कमानीत एक-दोन पाटे वाढवले जातात. गाडी बसत नाही, दिसायला मजबूत दिसते. पण ब्रेक तेवढेच राहिले, टायर तेवढेच, एक्सल तेवढाच. वजन वाढलं आणि थांबण्याची ताकद जुनीच. गाडी हे एक प्रमाण आहे. त्यातली एकच बाजू वाढवणं म्हणजे सुधारणा नव्हे, तो बिघाड आहे. फक्त तो दिसायचा बाकी आहे.

आता कायदा काय म्हणतो? 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकानं ठरवलेली, नोंदणीत लिहिलेली रचना मालकाला मनासारखी बदलता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. इंजिन बदललं तर परिवहन कार्यालयात नोंद लागते. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतं. आणि गाडीची ओळख कशात? चेसिस नंबरात. प्लूटार्कपासून रखडलेल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं लोखंडावर ठोकून ठेवलं आहे : सांगाडा तोच, तर गाडी तीच.

उत्तर सोयीचं आहे, पण पुरेसं आहे का? इथं मला आपल्या शहरातल्याच एका नावाची आठवण करून द्यायची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये इथं महाविद्यालय सुरू केलं. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जाऊ लागलं आणि तो परिसर झाला नागसेनवन. ही दोन्ही नावं 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातली. राजा मिलिंद रथातून भिक्खू नागसेनांकडे येतो. नागसेन विचारतात : रथ म्हणजे काय? चाकं? आस? जू? दांडी? राजा प्रत्येकाला 'नाही' म्हणतो. मग भागांखेरीज वेगळा रथ आहे? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीवर अवलंबून 'रथ' हे नाव चालतं. त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला आहे. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच म्हणता येत नाही, आणि दुसरीही म्हणता येत नाही.

आपल्या अंगणातल्या पिकअपला हे उत्तर चेसिस नंबरापेक्षा जास्त लागू पडतं असं मला वाटतं. गाडी टिकते ती कुठल्या एका भागात नाही, सातत्यात. ऑइल बदलल्याच्या तारखा वहीत लिहिणारा बाप, ती वही पुढे चालवणारी मुलगी किंवा मुलगा, कुठला नट आटे गेलेला आहे हे माहीत असलेला हात. निगा तुटली की चेसिस नंबर तोच राहूनही गाडी भंगार होते.

पण म्हणून प्रत्येक जुनी गाडी चालूच ठेवावी का? इथं भावनेच्या भरात बोलून चालणार नाही. एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 आहे. वीस वर्षांपूर्वीचं डिझेल इंजिन कितीही राखलं तरी त्या पातळीला येत नाही. तो धूर शेजारच्या पोराच्या छातीत जातो, आणि त्या पोराला आपली काटकसर कुणी विचारलेली नसते. ऑगस्ट 2021 मध्ये वाहन मोडीत काढण्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर झालं. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपली, त्यात राज्य परिवहनाच्या बसही आल्या. खासगी मालवाहू गाडीसाठी कसोटी मुख्यतः फिटनेसची आहे, वयाची नाही. मला ती योग्य वाटते. गाडी किती वर्षांची हे विचारण्यापेक्षा ती आज काय सोडते आणि किती अंतरात थांबते, हे विचारणं न्यायाचं आहे. मात्र ती कसोटी प्रामाणिक हवी. चिरीमिरी देऊन मिळालेलं फिटनेस हा शेजाऱ्याशी केलेला विश्वासघात आहे.

दुसरीही बाजू आहे. नवी गाडी संगणकावर चालते. सेन्सरचा दिवा लागला की अंगणातला पाना निरुपयोगी होतो, कंपनीचं यंत्र जोडावं लागतं. मालकी आपली, पण आत डोकावायची परवानगी दुसऱ्याची. केंद्र सरकारनं 2022 मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. हा प्रश्न मोठा आहे. मघाशी मी ज्ञान आणि हाताच्या फाळणीबद्दल बोललो. आयटीआयनं, एसटीच्या कार्यशाळेनं, अंगणातल्या या दुरुस्तीनं ती फाळणी थोडी तरी बुजवली. कुठल्याही घरातला मुलगा पाना धरून इंजिनाचं कारण-कार्य समजून घेऊ लागला. आता ते ज्ञान पुन्हा कुलूपबंद होत असेल, तर आपण एका जुन्या गाडीपेक्षा पुष्कळ मोठं काही गमावतो आहोत. जातीनं घातलेलं कुलूप असो की कंपनीनं घातलेलं, बाहेर उभ्या माणसाला दोन्ही सारखीच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. धूर सोडणारी, न थांबणारी गाडी निरोप देऊन मोडीत काढावी, त्यात अपमान नाही. जी फिटनेसला खरोखर उतरते ती खुशाल राखावी. आणि नव्या गाडीबरोबर ती उघडण्याचा हक्कही मागावा, कारण पुढच्या पिढीला गाडी तर कुणीही विकेल, हात मात्र आपल्यालाच द्यावा लागणार आहे.