सोसणारं रोप आणि खाणारा माणूस



पूर ओसरला. मळीच्या रानात वीतभर गाळ बसलाय. शेजारचं पोरगं परवा औषधाची बाटली घेऊन आलं. त्याचा पालक पिवळा पडत होता. दुकानात त्याला सांगितलेलं, की ह्यानं झाडाला जड धातूंचा ताण सोसता येतो. "काका, मारू का?" मी म्हटलं, "पालक तगला तर उत्तमच. पण तो खाणार कोण?" पोरगं गप्प झालं. खरं सांगायचं तर मलाही पुढं बोलता येईना. म्हणून चार दिवस वाचत बसलो. त्यातलं हे थोडं.

आमचे वडीलधारे गाळाला खत मानायचे, आणि त्यांच्या काळात ते खरंच होतं. दक्षिणद्वार झालं की लोक देवळाकडं जायचे, पाणी उतरलं की रानाकडं. वाडीची वांगी ह्याच गाळावर नावाला आली. पण वाडीत कृष्णेला मिळणारी पंचगंगा कोल्हापूर-इचलकरंजीकडनं येते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली बसला. पुढं माग वाढले, कापड-सुताची रंगाई वाढली, शहरांचं सांडपाणीही वाढलं. काही रंगांत क्रोमियम, तांबं असतं. मुलामा देण्याच्या कामात निकेल, क्रोमियम, तर जुन्या बॅटऱ्यांत शिसं. म्हणून आता गाळाला डोळे झाकून खत म्हणवत नाही. कुणाच्या रानात काय आणि किती, ते तपासल्याशिवाय बोलायचं नाही.

आता रोप सोसतं कसं, ते बघू. 1952 साली ब्रॅडशॉ नावाच्या शास्त्रज्ञानं वेल्समधल्या शिशाच्या जुन्या खाणीवरचं गवत अभ्यासलं. खाणीवरचं गवत त्या विषारी मातीत जगलं. त्याच जातीचं शेजारच्या चांगल्या कुरणातलं गवत तिथं टिकलं नाही. म्हणजे सोसायची ताकद पिढ्यान् पिढ्या निवड होऊन येते. 1985 साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी झाडातला एक पदार्थ शोधला, फायटोकेलॅटिन. तो कॅडमियमसारख्या धातूला बांधून ठेवतो. मग झाड ते गाठोडं पेशीतल्या कोठीत सारतं. हा पदार्थ बनवायला गंधक लागतं, म्हणून गंधक कमी पडलं की झाडाची ही ताकदही कमी पडते.

ह्यात एक मेख आहे, मंडळी. झाडानं धातू बांधला, कोठीत ठेवला, पण तो गेला कुठं? पानातच आहे. झाड हिरवंगार दिसतं आणि धातू आपल्या ताटात येतो.

जपाननं ह्याची किंमत मोजली. तोयामा भागातल्या जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्त-शिशाची खाण होती. खाणीच्या पाण्यानं पिकं बिघडतात अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार. पण जो भात पिकायचा तो लोक खायचेच. खालच्या गावांतल्या बायकांची, जास्त करून लेकुरवाळ्या वयस्क बायकांची, हाडं ठिसूळ होऊन मोडायला लागली. 'इताई इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', हेच रोगाचं नाव पडलं. गावचे डॉक्टर हागिनो आणि त्यांच्या जोडीच्या संशोधकांनी 1961 च्या सुमारास कॅडमियमकडं बोट दाखवलं. सरकारनं 1968 साली ते मान्य केलं. लोकांनी कोर्टात दावा जिंकला आणि 1972 च्या करारानं खाणीत शिरून तपासणी करायचा हक्क मिळवला. नंतर सुमारे 860 हेक्टर रानाची माती दुरुस्त केली. ते काम 2012 साली संपलं, तीस वर्षांहून जास्त चाललं.

त्या लोकांनी पुढं प्रश्नच बदलला. झाड सोसेल कसं, हे बाजूला ठेवून धातू दाण्यात, फळात जाणार नाही कसा, ह्यावर काम केलं. भात निसवायच्या आधी आणि नंतर तीन-तीन आठवडे खाचरात पाणी ठेवलं की कॅडमियम कमी चढतं. पण मातीत आर्सेनिक असेल तर तेच पाणी उलटं पडतं. 2012 साली मुळातनं कॅडमियम फारसं आतच न घेणारा भात तिथं तयार झाला. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, 2008 साली जपानी संशोधकांनी दाखवलं की जंगली वांग्याच्या खुंटावर कलम केलेल्या वांग्याच्या फळात कॅडमियम बरंच कमी उतरतं.

आता आपण करायचं काय?

पहिलं, तपासणी. माती आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात. त्यात कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल नाहीत. ते वेगळे सांगून तपासून घ्या. नव्या गाळाचा नमुना वेगळा आणि खालच्या जुन्या मातीचा वेगळा.

दुसरं, आपल्या काळ्या रानाची साथ. चुनखडी, चिकण माती आणि 8 च्या आसपासचा सामू शिसं-कॅडमियमला बरंच धरून ठेवतात. क्रोमियमचा घातक प्रकार मात्र अशा रानात सुटा फिरतो. शेणखत-कंपोस्टनं तो कमी घातक व्हायला मदत होते.

तिसरं, जस्ताची कमतरता राहू देऊ नका. जस्त पुरेसं असलं की कॅडमियमला मुळात शिरायला वाव कमी मिळतो.

चौथं, शंका असलेल्या तुकड्यात पालक, मेथी, मुळा नको. पानात आणि कंदात धातू जास्त साठतो. तिथं झेंडू, निशिगंध घ्या, वाडीत फुलं खपतातच.

पोराला मी बाटली ठेवून द्यायला लावली. गुरुवारी आम्ही दोघं गाळाचे नमुने घेऊन जातोय. अहवाल येईपर्यंत तो पालक बाजारात न्यायचा नाही, जनावरांनाही घालायचा नाही, असं ठरलंय. आकडे आले की इथंच टाकतो, चांगले येवोत की वाईट.