क्लाऊड पायाभूत सेवा व्यवस्थापनाची खुली मानके

भाड्याने घेतलेली आभासी यंत्रे, साठवण आणि जाळे मागवणे, चालू-बंद करणे, त्यांचा वापर मोजणे व ती परत करणे, यांसाठी ग्राहकाचे सॉफ्टवेअर आणि पुरवठादाराची यंत्रणा यांच्यातील संदेशांचे सर्वांना उपलब्ध असलेले नियम. पुरवठादार बदलला तरी ग्राहकाला आपले सॉफ्टवेअर नव्याने लिहावे लागू नये, हा मूळ हेतू.

पार्श्वभूमी : ॲमेझॉनने 2006 मध्ये ईसीटू सेवा आणली ती स्वतःच्या आज्ञासंचासह. पुढे आलेल्या प्रत्येक कंपनीने आपापला संच केला. 2009 मध्ये डीएमटीएफ आणि ओपन ग्रिड फोरम या दोन संस्थांनी समान मानकाचे काम स्वतंत्रपणे हाती घेतले.

सीआयएमआय : या क्षेत्रातील सर्वांत तपशीलवार मानक. डीएमटीएफने पहिली आवृत्ती 2012 मध्ये प्रसिद्ध केली; आयएसओ/आयईसी 19831 या क्रमांकाने ते 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. संदेश एचटीटीपीवरून जातात आणि मजकूर जेसन किंवा एक्सएमएल स्वरूपात असतो. ग्राहकाला एकच पत्ता ठाऊक असावा लागतो, तो प्रवेशबिंदूचा. यंत्रे, यंत्रांचे साचे, प्रतिमा, साठवणखंड, जाळी, मोजमापे व घटनानोंदी यांच्या याद्या तेथून मिळतात. नवे यंत्र हवे असल्यास यंत्रांच्या यादीला साच्यासह विनंती पाठवायची. यंत्र तयार व्हायला वेळ लागणार असेल तर पुरवठादार विनंती स्वीकारल्याचे कळवतो आणि ‘जॉब’ नावाच्या नोंदीचा पत्ता देतो. काम कुठवर आले ते त्या नोंदीत पाहायचे. त्या क्षणी यंत्रावर कोणत्या क्रिया करता येतील हे यंत्राच्या वर्णनातच लिहिलेले असते. त्यामुळे बंद यंत्राला पुन्हा ‘थांब’ सांगण्यासारखे घोटाळे टळतात. या मानकाची खरी कारागिरी इथे दिसते. मात्र अनेक घटक ऐच्छिक ठेवल्याने मानक पाळणाऱ्या दोन पुरवठादारांच्या सेवाही तंतोतंत सारख्या असतील असे नाही.

सीआयएमआयला आधार देणारा अपाची डेल्टाक्लाऊड हा मुक्तस्रोत प्रकल्प रेड हॅटमध्ये सुरू झाला आणि 2015 मध्ये निवृत्त झाला. मोठ्या व्यापारी पुरवठादारांनी आपले आज्ञासंच सोडले नाहीत. 2010 मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी सुरू केलेल्या ओपनस्टॅकचा आज्ञासंच व्यवहारात अधिक रुळला. त्याला मानक म्हणावे की नाही, याबाबत एकमत नाही.

इतर मानके : ओसीसीआय (ओपन ग्रिड फोरम, 2011) युरोपातील संशोधन-क्लाऊडमध्ये वापरात आले. ओव्हीएफ आभासी यंत्राच्या बांधणीचे, सीडीएमआय साठवणीचे, तर टॉस्का संपूर्ण उपयोजनाच्या मांडणीचे वर्णन करते.

भारत : ई-प्रशासनातील खुल्या मानकांचे केंद्रीय धोरण नोव्हेंबर 2010 चे. मानक स्वामित्वशुल्काशिवाय मिळावे आणि एका कामासाठी शक्यतो एकच मानक असावे, या त्यातील दोन अटी. दुसऱ्या अटीवर उद्योगक्षेत्रातून आक्षेप आले होते. ‘मेघराज’ या शासकीय क्लाऊड उपक्रमाची दिशा 2013 मध्ये ठरली आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचा क्लाऊड फेब्रुवारी 2014 मध्ये सुरू झाला. पुढे खाजगी पुरवठादारांचीही नामिका तयार करण्यात आली. पुरवठादार बदलण्याची मोकळीक येथे मुख्यतः करारातून साधली जाते : मुदत संपताना विदा आणि यंत्रप्रतिमा परत करणे, नव्या पुरवठादाराकडे स्थलांतरास मदत करणे. संदेशमानकाचे काम कलमांवर सोपवल्यासारखे हे आहे.

महाराष्ट्र : सार्वजनिक क्लाऊड वापराचे धोरण जानेवारी 2018 मध्ये जाहीर झाले, असे धोरण आखणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र अग्रणी मानला जातो. मंत्रालय, विभाग, जिल्हा व तालुका मुख्यालये जोडणारे राज्याचे स्वतंत्र जाळे त्याआधीपासून आहे.

नांदेड व लातूर : नांदेडचे 16 व लातूरचे 10 तालुके भूमी अभिलेखांसाठी राज्यभराच्या सामायिक प्रणालीवर अवलंबून आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. ई-पीक पाहणी 2021 मध्ये राज्यभर लागू झाली. पेरा मोबाईलवरून नोंदवायचा असल्याने हंगामात लाखो खातेदार एकाच सुमारास प्रणालीवर येतात आणि अशा वेळी यंत्रे वाढवणे व गर्दी ओसरल्यावर कमी करणे, हे वर वर्णिलेल्या आज्ञांचेच काम. तलाठी वा सेतू केंद्राच्या चालकापर्यंत त्यातले ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच पोहोचते. खातेदाराच्या दृष्टीने प्रश्न इतकाच की पुरवठादार बदलताना उतारा मिळणे थांबू नये.

शिक्षण : नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात (स्थापना 1994) संगणकीय शास्त्रे संकुल, विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत (स्थापना 1981) संगणक अभियांत्रिकी विभाग.