वेळूपासून कागद, कागदापासून पटल : चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील एका उद्योगाचा इतिहास

पातळ पटलाचे गुणधर्म केवळ कच्च्या मालावर नव्हे, तर उत्पादनाच्या परिस्थितीवर अवलंबून असतात, ही गोष्ट रसायनशास्त्राच्या अभ्यासकाला परिचित आहे. इतिहासलेखनात मात्र तिची दखल क्वचितच घेतली जाते. 1945 साली वर्धा नदीकाठी स्थापन झालेल्या बल्लारपूर येथील कागद कारखान्याच्या संदर्भात तिचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वेळूपासून कागद करणे मुळात सोपे नव्हते. वेळूत लाकडाच्या तुलनेने स्टार्च अधिक असतो. तीव्र अल्कलीत एकदम शिजविल्यास तपकिरी द्रव्ये तंतूंवर बसतात व विरंजनाचा खर्च वाढतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील विल्यम रेट यांनी यावर दोन टप्प्यांची पाचनपद्धती सुचविली. आधी सौम्य द्रावात स्टार्च व पेक्टिन काढावे, नंतर तीव्र द्रावात लिग्निन. 1925 च्या बांबू कागद उद्योग संरक्षण कायद्याने दिलेल्या जकातीच्या कवचाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व या संशोधनाला द्यावे लागेल.

पुढची अवस्था कुटण्याची. लगदा जास्त कुटला की तंतू परस्परांना घट्ट चिकटतात. ताणबल वाढते, फाटण्यास होणारा विरोध मात्र घटतो. अतिशय कुटून, दाबून केलेला ग्लासिन कागद तर जवळजवळ पारदर्शक होतो. सेल्युलोज पूर्ण विरघळवून आम्लात पुनर्जनित केल्यास सेलोफेन मिळते. स्विस रसायनज्ञ ब्रँडेनबर्गर यांनी ते विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. म्हणजे रेणू तोच, घडण वेगळी. यंत्राच्या धावेच्या दिशेने तंतू मांडले जात असल्याने वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते, दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे. (वर्गात हा प्रयोग विनाखर्च करता येतो.) पॉलिथिनचे पटल फुगवून ओढतानाही रेणूंची मांडणी अशीच दिशा धरते, म्हणूनच ओढीचे व फुगवणीचे प्रमाण बदलले की त्याचे बळही बदलते.

परंतु कारखान्याच्या दारापाशी हा इतिहास सुरू होत नाही. तोडीच्या वेळचे वेळूचे वय, साठवणीतील कीड व बुरशी यांचा परिणाम लगद्यावर होतो, आणि ती तोड करणारे हात जंगलातील गावांचे. दीर्घ काळ वेळू उद्योगाला प्राधान्याने मिळत राहिला. बुरुडांना मात्र टोपल्या-सुपांसाठी तो दुर्मिळ झाला. 1982 मध्ये गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला तरी ही व्यवस्था लगेच बदलली नाही. वनहक्क कायदा 2006 चा. त्यानुसार 2009 मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वेळूच्या वाहतुकीचे परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कोणता वेळू, कोणत्या वयाचा, कधी तोडायचा, हा निर्णय त्या दिवसापासून कायदेशीररीत्या गावाचाही झाला.