राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना, ऑस्ट्रेलिया : कायदादुरुस्ती आणि लाभार्थींचे हक्क

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने 2013 साली केलेल्या कायद्याने ही योजना सुरू झाली. कायमस्वरूपी आणि गंभीर अपंगत्व असलेल्या व्यक्तीला तीत वैयक्तिक आराखडा मंजूर होतो आणि त्यातला पैसा कोणाकडून सेवा घेण्यासाठी वापरायचा, हे बऱ्याच अंशी ती स्वतः ठरवते. नाव विम्याचे असले तरी लाभार्थी हप्ता भरत नाही. खर्च केंद्र आणि राज्य सरकारे उचलतात. ‘वाजवी व आवश्यक’ ही कायद्यातील कसोटी योजनेचा कणा मानावी लागते. एखादी मदत या कसोटीला उतरली की तिचा पूर्ण खर्च द्यावा लागतो, त्यात कपात चालत नाही, असा निर्णय तिथल्या फेडरल न्यायालयाने 2017 मध्ये दिला. आपली गरज मांडता येणे आणि नकार मिळाल्यास यंत्रणेबाहेर दाद मागता येणे, इथेच लाभार्थीचा हक्क खऱ्या अर्थाने उभा राहतो.

2024 च्या दुरुस्तीने नेमका हाच पाया हलवला. कशावर खर्च चालेल आणि कशावर नाही, याच्या याद्या आल्या. नव्या पद्धतीच्या आराखड्यांत रक्कम एकेका मदतीचा हिशेब मांडून नव्हे, तर गरजेच्या मूल्यमापनावरून ठरायची आहे. आराखड्याविरुद्ध अपील करता येते. पण ज्या मूल्यमापन-अहवालावर तो उभा आहे, त्या अहवालाविरुद्ध स्वतंत्र अपील नाही. अशाच सक्तीच्या मूल्यमापनाचा प्रस्ताव अपंगांच्या संघटना आणि राज्य सरकारे यांच्या विरोधामुळे 2021 मध्ये मागे घ्यावा लागला होता, हे इथे विसरता येत नाही.

दुरुस्तीच्या समर्थकांचा मुद्दा पोकळ नाही. 2023-24 मध्ये खर्च सुमारे 42 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला, आणि त्याची वार्षिक वाढ 8 टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट केंद्र व राज्यांनी मिळून ठरवले होते. याद्यांमुळे संदिग्धता कमी होते, हेही खरे. परंतु 2023 च्या सरकारी आढाव्यानेच दाखवले की योजनेबाहेरच्या सेवा तोकड्या असल्यामुळे लोकांना योजनेतच यावे लागते. बाहेरची सोय उभी करण्याआधी आतला दरवाजा अरुंद केला, तर बचतीचा भार थेट अपंग व्यक्ती आणि तिच्या कुटुंबावर पडतो. फसवणुकीचे म्हणाल तर खोटी बिले लावणाऱ्या सेवापुरवठादारांना नोंदणी आणि तपासणीने आवरता येते. त्यासाठी लाभार्थीचा अपिलाचा मार्ग आखडण्याचे कारण नाही. खर्चाला मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेचा आहेच. तो वापरतानाही मूल्यमापनाचा मसुदा निर्णयाआधी लाभार्थीला दाखवणे आणि अंतिम अहवालावर थेट अपिलाची सोय करणे, या दोन तरतुदी कायद्यात यायलाच हव्यात.