राजाचा पुतळा आणि घरची मूस : लिचफील्ड येथील काडतुसांची एक यादी

१

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या कथनपरंपरेत ९ जुलै १७७६ या दिवसाला एक निश्चित स्थान आहे. त्या संध्याकाळी न्यूयॉर्क येथे वॉशिंग्टनच्या सैन्यासमोर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचण्यात आला आणि त्यानंतर सैनिक व नागरिक यांच्या जमावाने बोलिंग ग्रीन येथील तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. हा प्रसंग चित्रकारांनी रंगविला, शालेय पुस्तकांनी सांगितला आणि पुढे तो राजसत्तेच्या पतनाचे प्रतीक ठरला. पुतळ्याचे शिसे वितळवून त्याच्या बंदुकीच्या गोळ्या करण्यात आल्या, हा कथेचा उत्तरार्धही सर्वज्ञात आहे. परंतु तो बहुधा एका वाक्यात उरकला जातो. त्या गोळ्या कोणी ओतल्या, कोठे ओतल्या आणि त्या कामाचे स्वरूप काय होते, हे प्रश्न त्या एका वाक्यात विरून जातात. या प्रश्नांची बरीचशी उत्तरे कनेटिकटमधील लिचफील्ड या गावी ठेवल्या गेलेल्या एका हिशेबाच्या यादीत आहेत. ती यादी केवळ आकड्यांचे साधन म्हणून न वाचता एक संहिता म्हणून वाचली, तर घरगुती श्रमाचा इतिहास आख्यायिकेत कसा हरवतो हे स्पष्ट होते.

२

हा पुतळा लंडनचा शिल्पकार जोसेफ विल्टन याने घडविला होता. स्टॅम्प ॲक्ट रद्द झाल्याच्या कृतज्ञतेपोटी न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने १७६६ मध्ये तो करवून घेण्याचे ठरविले आणि १७७० मध्ये तो उभा राहिला. रोममधील मार्कस ऑरेलियसच्या अश्वारूढ पुतळ्याच्या धर्तीवर तो घडविलेला होता. मात्र तो कांस्याचा नसून शिशाचा होता व वर सोन्याचा मुलामा दिलेला होता. त्याचे वजन सुमारे ४००० पौंड सांगितले जाते.

त्या वेळी वसाहतींमध्ये शिशाची टंचाई तीव्र होती. व्हर्जिनियातील आणि कनेटिकटमधील मिडलटाउनच्या खाणींतून काही शिसे मिळे. परंतु लढाईची गरज त्याहून मोठी होती. खिडक्यांना लावलेली शिशाची वजने व घरातील कथील-शिशाची भांडीही गोळा करण्यात येत होती. अशा काळात दोन टनांचा शिशाचा राजा भर चौकात उभा होता. पुतळा पाडण्यामागे संताप होता, तशीच ही गरजही होती. दुसऱ्याच दिवशीच्या आदेशात वॉशिंग्टनने लोकांचा उत्साह मान्य करूनही या बेशिस्तीबद्दल नापसंती व्यक्त केली; शिसे मात्र वाया गेले नाही. ते जलमार्गाने नॉर्वॉक येथे आणि तेथून बैलगाड्यांनी डोंगराळ भागातील लिचफील्डला, ऑलिव्हर वुल्कट याच्या घरी पोहोचले. वुल्कट हा काँग्रेसचा सदस्य व जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होता. लिचफील्ड किनाऱ्यापासून दूर आणि म्हणून इंग्रजांच्या आरमारापासून सुरक्षित होते.

३

घरी गोळ्या ओतणे ही त्या समाजात नवलाची गोष्ट नव्हती. बंदुकांच्या नळ्यांचा व्यास एकसारखा नसल्यामुळे लांब रायफलीबरोबर तिच्या मापाचा साचाही मिळत असे आणि मालक आपल्या चुलीवरच गोळ्या ओतीत असे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यासाठी भट्टी लागत नाही, लाकडाचा जाळ पुरतो. लोखंडी भांड्यात शिसे वितळले की वर आलेली मळी काढायची, पळीने रस घेऊन तो चिमट्यासारख्या दुपाखी साच्याच्या तोंडात ओतायचा, क्षणभर थांबून साचा उघडायचा व गोळी बाहेर पाडायची. साच्याच्या तोंडाशी राहिलेला शेंडा कापून पुन्हा भांड्यात टाकायचा.

काम सोपे दिसले तरी त्यात हाताची सवय लागते. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात. रस पुरेसा तापला नसेल तर ती अर्धवट भरते. आत हवेची पोकळी राहिली तर वजन कमी होऊन नेम चुकतो. भांड्यात पाण्याचा थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेले शिसे उसळते. म्हणून पहिल्या काही गोळ्या साचा तापविण्यापुरत्या ओतून परत वितळविल्या जात.

एवढ्याने काम संपत नसे. लाकडी दांडीवर कागद गुंडाळून नळी करायची, तिच्यात गोळी बसवायची, मोजून दारू भरायची आणि टोक दुमडून बंद करायचे. यालाच काडतूस म्हणत. शिपाई त्याचा कागद दातांनी फाडून दारू नळीत ओतीत असे. मराठीतील ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजमधून आलेला आहे आणि इंग्रजी शब्दाप्रमाणेच त्याच्याही मुळाशी कागद आहे. १८५७ च्या संदर्भामुळे भारतीय वाचकाला दातांनी फाडावयाचे कागदी काडतूस अपरिचित नाही. परंतु ते वळणारे हात कोणाचे, हा प्रश्न तेथेही क्वचितच विचारला जातो.

४

वुल्कट कुटुंबाच्या कागदपत्रांतील यादी पुढीलप्रमाणे आहे : मिसेस मार्व्हिन ६०५८, रूथ मार्व्हिन ११,५९२, लॉरा ८३७८, मेरी ॲन १०,७९०, फ्रेडरिक ९३६, मिसेस बीच १८०२, इतर किरकोळ व्यक्ती २१८२, धोक्याच्या प्रसंगी लिचफील्डच्या नागरी सैन्याला दिलेली ५०, कर्नल विगल्सवर्थच्या पलटणीला दिलेली ३००. एकूण ४२,०८८.

या यादीसंबंधी चार गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, यादी गोळ्यांची नसून काडतुसांची आहे. लोकप्रिय कथनात ‘४२,०८८ गोळ्या’ असे येते. त्यामुळे ओतकाम तेवढे उरते. कागद वळण्याचे व दारू भरण्याचे अधिक वेळखाऊ काम नाहीसे होते.

दुसरी गोष्ट कर्त्यांची. यादीसोबतच्या टिपणात या कामाचे श्रेय गावातील स्त्रियांना दिलेले आहे आणि पुढील परंपरेने तेच उचलले. आकडे मात्र वेगळे सांगतात. शेवटच्या दोन नोंदी वाटपाच्या आहेत. त्या वगळल्यास तयार करणाऱ्यांच्या नावे ४१,७३८ काडतुसे उरतात. त्यांपैकी ३७,७५४, म्हणजे नऊ दशांश, दोन कुटुंबांतील पाच व्यक्तींची आहेत. या पाचांपैकी लॉरा (जन्म १७६१), मेरी ॲन (१७६५) व फ्रेडरिक (१७६७) ही वुल्कटची मुले होत. फ्रेडरिक तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. तिघांची बेरीज २०,१०४ होते. ‘गावातील स्त्रिया’ या समूहवाचक शब्दाखाली प्रत्यक्षात काही मोजकी माणसे, आणि त्यांतही मुले, आहेत.

तिसरी गोष्ट हिशेबाच्या पद्धतीची. काही नोंदींत आधीच्या हिशेबातील आकडा आणि ‘न्यायालयाच्या इमारतीत अद्याप न पाठविलेल्या’ जुड्या असे दोन भाग आहेत. रूथ मार्व्हिनच्या नावे आधीची ६२०४ आणि न पाठविलेल्या ४४९ जुड्यांची ५३८८ काडतुसे आहेत. म्हणजे एका जुडीत बारा. रूथ, लॉरा, मेरी ॲन व फ्रेडरिक या चौघांच्याच नावे अशा १२३१ जुड्या शिल्लक दिसतात. एका बैठकीतील उत्साहाचे हे चित्र नव्हे. हे टप्प्याटप्प्याने चाललेले, मोजलेले आणि साठविलेले काम आहे. घर हेच काही काळ कोठार झालेले आहे.

चौथी गोष्ट वजनाची. इंग्रज बंदुकीच्या मापाच्या सुमारे १४ गोळ्या एका पौंडात बसत. त्या हिशेबाने ४२,०८८ गोळ्यांना सुमारे ३००० पौंड शिसे लागते. पुतळ्याच्या सांगितलेल्या वजनाशी यात मोठी तफावत आहे. काही भाग वाटेतच नाहीसे झाले होते : घोड्याच्या शेपटीचा तुकडा कनेटिकटमध्येच सापडला व न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात गेला, राजाचे शिर इंग्रज अधिकाऱ्यांनी हस्तगत करून इंग्लंडला पाठविले. संपूर्ण राजा वितळून गोळ्या झाला, ही कल्पना आख्यायिकेची आहे.

५

कुटुंबात टिकलेल्या एका आठवणीनुसार घराशेजारच्या सफरचंदांच्या बागेत या कामासाठी शेड उभारण्यात आली, पित्याने घरच्या कुऱ्हाडीने शिशाचे तुकडे केले आणि मुलींनी मौजमजेत गोळ्या ओतल्या. ही आठवण व यादी एकाच घरातील असूनही त्यांचा सूर भिन्न आहे. आठवणीत खेळ आहे, यादीत कष्ट आहेत. दहा हजारांहून अधिक काडतुसे वळणाऱ्या मेरी ॲनचे काम ‘मौज’ या शब्दात मावत नाही. रूथ मार्व्हिनचा आकडा सर्वांत मोठा आहे. पण यादी तिच्याविषयी नाव आणि आकडा यांपलीकडे काही सांगत नाही. ‘लॉरा’ म्हणजे मुलगी असे मानले, तर घर चालविणाऱ्या आईचे, लॉरा कॉलिन्स वुल्कटचे, नाव यादीत नाही. मोजता येईल तेवढेच यादीत उतरले आहे.

चित्रकलेने हीच निवड पुढे नेली. योहानेस ओर्टेल याने १८५२–५३ मध्ये आणि विल्यम वॉलकट याने १८५७ मध्ये पुतळा पाडण्याचा प्रसंग रंगविला. दोर, जमाव आणि कलता घोडा यांना चित्रचौकट मिळाली. बागेतील शेडीला ती मिळाली नाही.

तौलनिक दृष्टीने येथे ज्युव्हेनलच्या दहाव्या उपरोधिकेचे स्मरण होते. तेथे सम्राट टायबेरियसचा सर्वशक्तिमान मंत्री सेजानस याचा पुतळा भट्टीत वितळतो आणि त्यातून स्वयंपाकघरातील व शौचाची भांडी तयार होतात. सत्तेची विटंबना तिच्या घरगुतीपणात आहे. लिचफील्डमध्ये क्रम उलटा आहे : राजा घरात येतो आणि शस्त्र होऊन बाहेर पडतो. तलवारींचे नांगर होतील या यशयाच्या पुस्तकातील प्रतिमेचाही हा व्युत्क्रम होय. मात्र रोमन कवीला वितळविणाऱ्या कारागिराच्या नावाशी कर्तव्य नाही. लिचफील्डच्या यादीत नावे आहेत. साहित्यिक प्रतिमेला जे वगळता येते, ते हिशेबनिसाला वगळता येत नाही.

६

शिशाची एक बाजू या यादीत येऊ शकली नाही. १७८६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने बेंजामिन व्हॉन याला लिहिलेल्या पत्रात शिशाच्या विषारी परिणामांची चर्चा केली आणि तरुणपणी लंडनच्या छापखान्यात तापलेल्या खिळ्यांबाबत आपल्याला दिलेल्या इशाऱ्याची आठवण सांगितली. जाहीरनामा छापणारे खिळे आणि त्याच्या रक्षणासाठी ओतलेल्या गोळ्या एकाच धातूच्या होत्या. कामगाराच्या हाताला त्या धातूचा धोकाही एकच होता. ओतकामात मळी व धूळ हातांवरून तोंडात जाते. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. लिचफील्डच्या मुलांना बाधा झाल्याचा निर्देश यादीत नाही. फ्रेडरिक तर १८३७ पर्यंत जगला. तरीही आठ वर्षांच्या मुलाच्या नावापुढील ९३६ हा आकडा या ज्ञानानंतर निर्विकारपणे वाचता येत नाही.

पुतळा पाडण्यास एक संध्याकाळ पुरली. त्याची काडतुसे करण्यास मात्र अनेक दिवसांचे, अनेक हातांचे काम लागले. पहिल्या कृतीला प्रतीकाचे भाग्य लाभले, दुसरीला हिशेबाच्या कागदाचे. क्रांतीचे वाङ्मय अभ्यासताना भाषणे, जाहीरनामे व वीरगीते यांच्या जोडीला अशा यादीलाही संहितेचा दर्जा देणे म्हणूनच आवश्यक ठरते. ज्यांना निवेदक मिळाला नाही त्यांच्या कर्तृत्वाचा पुरावा कधीकधी केवळ बेरजेतच उरलेला असतो.