टीव्हीवर घरगुती चित्रफीत-प्रसारण

मोबाइल वा संगणकातील खासगी चित्रफिती वाय-फायवरून टीव्हीवर पाहण्याची सोय. दोन्ही उपकरणे एकाच राउटरला जोडली की पुरे. लग्नाची, यात्रेची फीत पाहायला इंटरनेट लागत नाही. २००३ मध्ये स्थापन झालेल्या डीएलएनए संघटनेच्या मानकानुसार टीव्ही फाइल तुकड्यातुकड्यांनी मागवून स्वतः उलगडतो. त्यामुळे मोबाइलचा पडदाच टीव्हीवर उमटवण्यापेक्षा चित्र सहसा स्वच्छ दिसते. मात्र फाइलचे कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवण्याची पद्धत, टीव्हीला ठाऊक नसेल तर आवाज तरी जातो नाहीतर चित्र. हे दोन्ही पडदे जोडण्याऐवजी काही वेळ बंद ठेवण्याचेही उदाहरण आहे: सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये संध्याकाळी ७ च्या भोंग्यानंतर दीड तास मोबाइल आणि टीव्ही दोन्ही बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. हेतू मुलांच्या अभ्यासाचा.