पेटी आणि एक निराश इंग्रज

भिलाईच्या गणेशोत्सवात नाट्यगीताला पेटीची साथ सुरू झाली, की मला जॉन फोल्ड्स हा इंग्रज संगीतकार आठवतो. १८८० साली मँचेस्टर येथे जन्मलेल्या फोल्ड्सने पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ ‘वर्ल्ड रिक्विएम’ ही भव्य रचना केली. १९२३ पासून चार वर्षे लंडनने ती ऐकली. मग ती २००७ पर्यंत मूक राहिली. इंग्लंडला त्याचे हलके संगीत हवे होते, गंभीर संगीत नव्हे. ही उपेक्षा सोसून १९३५ साली तो हिंदुस्थानात आला आणि पुढे दिल्लीच्या आकाशवाणीवर पाश्चात्य संगीताचा प्रमुख झाला.

तेथे त्याने भारतीय वाद्यांचा वृंद उभारला आणि पेटीवर मात्र कठोर टीका केली. पेटीचे स्वर अचल. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. १९३९ साली तो कलकत्त्यास वारला. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. १९७१ साली ती सैल झाली.

परंतु १९११ च्या ‘मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीवादनातही निष्णात होते! स्वगृही निराश झालेला मनुष्य परगृही निर्मळता शोधतो. तेथे युरोपचीच वस्तू दिसली की ती त्यास खुपते. त्या घराने ती केव्हाच आपली केली, हे त्यास दिसत नाही. रशियन साहाय्याने उभ्या राहिलेल्या या पोलादनगरीत हे निराळे सांगावयास नको.